मगदूम बाईंचं एकाशन

मगदूम बाईंचं कुणी कौतुक करायला लागलं, की आजही माझ्या पोटात दुखतं. हे मी चारचौघांत सांगते, लपवत नाही. आमचे हे म्हणतात, "अगं, त्या बाईला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत न्हाई. तिच्यावर काय जळायचं?" यांना काय कळतंय! जळायला समोरचं माणूस ठणठणीतच पाहिजे असा काही नियम आहे का?

मी राधानगरीच्या पलीकडची. वडिलांच्या म्हशी, डेअरीला दूध, आणि पावसाळाभर अंगावरचं इरलं उतरायचं नाही असा मुलूख. त्या घरातनं बी.एस्सी., बी.एड. झालेली पहिली मी. आमच्याकडं बायकाही "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. कॉलेजात पोरी त्यावर हसल्या, तेव्हा मी वर्षभरात बोलणं बदललं आणि मार्क त्यांच्यापेक्षा जास्त घेतले. कोल्हापुरात मुलींच्या हायस्कूलला नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, आता आपल्या पुढं कोण आहे? पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत मगदूम बाई बसलेल्या दिसल्या. कोण आहे ते कळलं.

त्या गणित शिकवायच्या, मी विज्ञान. बाई ठेंगण्या, दिसायला चारचौघींसारख्या. पण सुती साडीच्या निऱ्या अशा, की दिवसभर उभं राहून शिकवलं तरी संध्याकाळी नुकत्या इस्त्री केल्यासारख्या. खडूला कागदाची पट्टी गुंडाळून धरायच्या, त्यामुळं बोटं कधी पांढरी झाली नाहीत. मी मात्र तिसऱ्या तासापर्यंत पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखी दिसायचे. फळा त्यांनी पोरींना कधी पुसू दिला नाही. स्वतः पुसायच्या, वरनं खाली सरळ पट्टे ओढत, जसं काही देवघर सारवतायत.

आणि आवाज. माझा आवाज रानातला. मी आठवीला शिकवलं की दहावीला ऐकू जायचं. बाई वर्गात शिरल्या की आहे तो आवाज आणखी खाली आणायच्या, आणि पोरी ऐकू यावं म्हणून श्वास धरून बसायच्या. मीही एकदा तसं करून बघितलं. मागच्या बाकावरनं एक पोरगी ओरडली, "बाई, घसा बसलाय काय?"

उत्तरावर बाईंचा विश्वास नव्हता. "उत्तर कुणाचंही बघून लिहिता येतं. पायऱ्या दाखव," म्हणायच्या. उत्तर चुकलं पण पायऱ्या बरोबर असल्या, तर मार्क कापायच्या नाहीत. हे वाक्य त्या वर्गाबाहेरही चालवायच्या. आमचा शिपाई पांडू उशिरा आला आणि "एस.टी. बंद पडली बाई" म्हणाला, की बाई चष्म्यावरनं बघायच्या. "कुठं बंद पडली? कशानं? मग कशातनं आलास? पायऱ्या दाखव." चौथ्या पायरीवर पांडू कबूल करायचा, की म्हशीचं रेडकू आजारी होतं. मग बाई म्हणायच्या, "हेच आधी सांगितलं असतंस, तर मी रेडकाचं विचारलं असतं." तो त्यांच्यासाठी जीव टाकायचा. मी त्याला रेडकासाठी सुट्टी मिळवून दिली होती, ते मात्र त्याच्या कधी ध्यानात राहिलं नाही.

मधल्या सुट्टीत फाटकाशी आप्पा यायचे. आप्पा म्हणजे त्यांचे यजमान. भांड्यांचं दुकान, जैन घर, माणूस इतका मवाळ की गिऱ्हाइकाला भाव सांगताना सुद्धा लाजल्यासारखं करायचे. स्कूटरच्या हँडलला डबा अडकवून आणायचे, कारण सकाळचं गार जेवण बाईंना सोसत नाही म्हणून. डबा द्यायचा, बाईंनी "निघा आता, ऊन झालंय" म्हणायचं, त्यांनी मान हलवून निघायचं. एवढंच. बाकीच्या बायका खिडकीतनं बघून हसायच्या. मी हसायचे नाही. मी घरनं आणलेली गार चपाती तोडायचे. आमच्या ह्यांनी माझ्या शाळेचं फाटक एकदाच बघितलं, तेही मी पाय मुरगळून पडले म्हणून. आल्या आल्या विचारलं काय, तर "रिक्षा मिळाली न्हाई का?"

पण खरं दुखणं खुर्चीचं. जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. नोकरीच्या वर्षांनी पहिला नंबर मगदूम बाईंचा, त्यांच्या मागं माझा. मी आशा सोडून दिली होती. संस्थेच्या लोकांनी बोलावलं तर बाई म्हणाल्या, "मला फळ्यापासून लांब बसवू नका. शिंदेला द्या. तिला आवडेल." शिंदे म्हणजे मी. त्या मला बाई वगैरे लावायच्या नाहीत, नुसतं शिंदे. आणि "तिला आवडेल"! जसं काही ताटात नको झालेली पोळी शेजारच्या पानात सरकवली.

मी ती घेतली. का नाही घेणार? गावाकडनं भाऊ जीप भरून माणसं घेऊन आला. आई नवीन लुगडं नेसून पुढच्या रांगेत. आणि सत्काराला उभा राहिलेला प्रत्येक माणूस काय बोलला असेल? मगदूम बाईंचा त्याग! हार माझ्या गळ्यात, नारळ माझ्या हातात आणि टाळ्या त्यांना. परतताना आई म्हणाली, "ती बारकी बाई कोण गं? लई गुणाची दिसतीया." आईनं सुद्धा!

आम्हा दोघींना शुगर मात्र एकाच वर्षी निघाली. त्यात तरी बरोबरी झाली म्हणावं, तर रक्त तपासायला आम्ही बरोबर जायचो आणि माझा आकडा नेहमी चढा. बाई माझा कागद बघून म्हणायच्या, "शिंदे, पायऱ्या दाखव. काल काय खाल्लंस?" मी म्हणायचे, "कारलं." त्या म्हणायच्या, "आणि कारल्याच्या आधी?"

भाद्रपदात त्यांचं पर्युषण यायचं. दहा दिवस बाई एकाशन करायच्या. एकाशन म्हणजे दिवसातनं एकदा जेवायचं, दुपारच्या आत, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत खायचं काही नाही, पाणी तेवढं सूर्य मावळेपर्यंत. एरवीही त्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी खात नाही, पण ह्या दिवसांत एकाच जेवणावर बाई सगळे तास घ्यायच्या, आवाज तसाच खाली, निऱ्या तशाच. मी एकदा विचारलं, "बाई, शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशी राहता, चक्कर यायची की."

"जेवण नाही तर त्या जेवणाची गोळी कशाला? डॉक्टरांना विचारून ठेवलंय. ह्या दिवसांत संध्याकाळची बंद, सकाळची अर्धी."

"आप्पांना माहीत आहे?"

"त्यांना कशाला सांगायचं? गोळी बंद केली म्हटलं की त्यांचा जीव वरखाली होतो. उगीच दुकान सोडून घरी बसतील."

हे बोलणं झालं आणि घंटा झाली. मी माझ्या वर्गावर गेले, त्या त्यांच्या.

निवृत्तीनंतर बाई रविवारी घरी गरीब मुलींना फुकट शिकवायच्या. मी शिकवणी काढली तर तीन पोरी आल्या. त्यांच्याकडं बसायला जागा पुरायची नाही, जिन्यावर पोरी. तिथंच पहिल्यांदा कळलं. एका रविवारी बाईंनी एक प्रमेय शिकवलं, फळा पुसला, आणि वळून तेच प्रमेय पहिल्यापासून परत शिकवलं. तितक्याच नीट. पोरींनी एकमेकींकडं बघितलं आणि दुसऱ्यांदा सगळं उतरवून घेतलं. एकीनंही हात वर केला नाही. ही गोष्ट मला त्यातल्याच एका पोरीनं डोळ्यांत पाणी आणून सांगितली. माझ्या पोरी असत्या तर "बाई, हे झालंय" असा गलका करून वर्ग डोक्यावर घेतला असता.

मग मंडईत पैसे देऊन भाजी तिथंच ठेवून निघाल्या. भाजीवाली धावत आली, "ओ बाई, पैसं दिलासा आन् मेथी काय मी खाऊ व्हय?" बाई तिच्याकडं अशा बघत राहिल्या, की ती घाबरून रिक्षात बसवून घरी घेऊन आली. तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो झाले. डॉक्टरांनी सांगितलं, अल्झायमर आहे, सुरुवातीचा आहे. म्हणजे माणूस आपलं आपण बरंचसं करेल, पण आता कुणीतरी बरोबर पाहिजे.

मला वाईट वाटलं. वाटणारच की. पण त्यानंतर जे सुरू झालं ते बघून वाईट वाटणं फार दिवस टिकलं नाही. जुन्या विद्यार्थिनींची रीघ लागली. कुणी बँकेत मोठी, कुणी डॉक्टरीण, कुणी अमेरिकेतनं आलेली. सगळ्या पायाशी बसायच्या. बाईंना नावं आठवायची नाहीत, तरी पोरींना काही वाटायचं नाही. मला सगळ्यांची नावं आठवतात, हजेरीच्या क्रमानं म्हणून दाखवते, पण माझ्याकडं कोण येतंय? मला शुगर, बीपी आणि गुडघे. त्यांना शुगर, बीपी, थायरॉईड आणि वर हे. आजारात सुद्धा बाई पुढंच.

आप्पांनी दुकान पुतण्याकडं दिलं आणि घरी बसले. बाईंच्या गोळ्या त्यांनी आपल्या हातात घेतल्या. आयुष्यभर ज्या माणसाला घरात साखरेचा डबा कुठं असतो ते माहीत नव्हतं, त्याला आता कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते तोंडपाठ. पाण्याचा पेला हातात देऊन समोर उभे राहायचे, घोट उतरेपर्यंत. आमच्या ह्यांना विचारा, माझी बीपीची गोळी कसल्या रंगाची आहे. "पांढरीच असणार की," म्हणतील.

एक गोष्ट मात्र मी बघत होते. विसरण्याच्या आजाराचं नाव एकदा घरात शिरलं, की बाकीच्या आजारांकडं कुणी बघत नाही. ते गेलेले नसतात, तिथंच असतात, पण त्यांचं सगळं ह्याच्याच नावावर जातं. बाईंनी उत्तर दिलं नाही, की आजार वाढला. बाई थकून बसल्या, की आजार वाढला. येणारे-जाणारे एकच विचारायचे, "ओळखतात का?" शुगर किती आहे, हे कुणी विचारलं नाही. बाई स्वतः असत्या तर म्हणाल्या असत्या, हे तर सरळ उत्तर लिहून मोकळं होणं झालं, मधल्या पायऱ्या कुठायत?

मागल्या वर्षी पर्युषण आलं. आजार कळल्यानंतरचं पहिलंच. बाईंना वार सांगता येत नव्हता, पण बस्तीतनं, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातनं, पूजेचा आवाज आला तशा त्या म्हणाल्या, "माझं एकाशन सुरू." आप्पांना कोण आनंद झाला! सगळं विसरली पण व्रत विसरली नाही, असं येईल त्याला सांगत सुटले. ऐकणाऱ्या बायका हात जोडत होत्या. हे माझ्याही कानावर आलं, आणि मनात म्हटलं, बघा, ह्यातही पहिला नंबर.

चार-पाच दिवसांनी आप्पांचा फोन. आवाज बसलेला. "शिंदे बाई, जरा येऊन जाता का? सन्मती आलाय. आईला पुण्याला न्यायचं म्हणतोय."

सन्मती त्यांचा मुलगा. मी गेले तेव्हा दिवस मावळत आला होता. सोप्यात बॅग भरून ठेवलेली. सन्मती माझ्याशी हळू बोलला, "मावशी, चार दिवसांत फार बिघडलंय. रोज संध्याकाळी आई भांडायला लागते. काल आप्पांना ढकललं. परवा बाथरूममध्ये पडली. पुण्यात अशा लोकांसाठी चांगली जागा आहे, नर्सेस असतात. आप्पांच्यानं आता होणार नाही."

"आणि आप्पा?"

"ते इथंच राहतील. तिथं एकट्या पेशंटलाच घेतात."

आप्पा भिंतीला टेकून उभे होते. खांद्यावरचा पंचा नुसता ह्या हातातनं त्या हातात घेत होते.

बाई आत पलंगावर बसल्या होत्या. मी पहिल्यांदा निऱ्यांकडं बघितलं. विस्कटलेल्या. त्यांच्या निऱ्या विस्कटलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं नाही. कपाळ ओलं, ब्लाउज पाठीला चिकटलेला, बोटं थरथरतायत. मला बघून म्हणाल्या, "अव्वा, घंटा झाली का?" त्यांचं माहेर कर्नाटक सीमेकडचं. अव्वा म्हणजे कानडीत आई. मी हात धरला तर झटकला आणि शेजारचं भांडं भिंतीवर भिरकावलं.

"बघितलंत?" सन्मती दारातनं म्हणाला. "हे असं रोज."

पण तो हात मी धरला होता. गार, चिकट. तो घाम मला ओळखीचा होता. दोन वेळा माझ्या स्वतःच्या अंगावर आलाय तसा, एकदा तर भर स्टँडवर. तेव्हा मी पण कंडक्टरला शिव्या घातल्या होत्या.

"आप्पा, ह्यांनी आज काय खाल्लंय?"

"एकाशन हाय की. सकाळी अकराला जेवली."

"आणि गोळ्या?"

आप्पांचा चेहरा तेवढ्यातही जरा उजळला. "एक चुकवली नाही. सकाळची दिली, मघाशी साडेपाचला संध्याकाळची दिली. मी समोर उभा राहून घ्यायला लावतो."

माझ्या तोंडून कॉलेजात टाकून दिलेली भाषा बाहेर पडली. "आवो आप्पा, काय केलासा हे! उपाशी माणसाला शुगरची गोळी? पर्युषणात संध्याकाळची बंद करायच्या त्या, आणि सकाळची अर्धी. दरवर्षी!"

"बंद?" आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "ती मला कधी बोलली नाही."

नाहीच बोलली. त्यांचा जीव वरखाली होऊ नये म्हणून सगळं आपल्या डोक्यात ठेवलं होतं, आणि डोक्यातनं जे पुसलं गेलं त्यात तेही गेलं. व्रत राहिलं, व्रतातली काळजी गेली. इकडं आप्पा गोळी चुकवत नव्हते, तिकडं बाई व्रत मोडत नव्हत्या. दोघंही इतके नेकीनं वागत होते, की रोज संध्याकाळी बाईंचा जीव धोक्यात येत होता आणि घरात कुणाचंही काही चुकत नव्हतं.

माझ्या पर्समध्ये शुगर तपासायचं यंत्र असतं. बोटाला टोचलं, शुगर पार खाली गेलेली. आकडा सन्मतीला दाखवला. शिकलेला पोरगा, त्याला कळलं. "साखर आण," मी म्हटलं, "पाण्यात कालवून. पळ."

साखरपाणी आलं आणि बाईंनी तोंड मिटलं. मी चमचा ओठाला लावला, त्यांनी मान फिरवली. "सूर्य गेला," म्हणाल्या. साल कुठलं ते माहीत नाही, समोर कोण आहे ते माहीत नाही, पण खिडकीबाहेर सूर्य गेलाय ते माहीत! मी म्हटलं, "बाई, घ्या हो, औषध आहे." दात घट्ट. सन्मती म्हणाला, "आई, प्लीज." दात घट्ट. मी दुसऱ्या जातीची, दुसऱ्याच्या घरात, एका म्हाताऱ्या बाईचं व्रत मोडायला चमचा घेऊन उभी. जबरदस्ती करावी तर घशात अडकायची भीती.

मग आप्पांनी माझ्या हातातनं चमचा घेतला. ह्या माणसानं जन्मात सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट घेतलेला नाही. आजारात सुद्धा नाही. ते पलंगावर बाईंच्या शेजारी बसले, पंच्यानं त्यांचं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "उघड तोंड. मोडलं तर मी मोडलं. पाप माझ्याकडं."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. आणि तोंड उघडलं.

चमच्यामागनं चमचा. थोडं हनुवटीवर सांडत होतं, ते पंच्यानं टिपत होते आणि प्रत्येक चमच्याला "माझ्याकडं, माझ्याकडं" पुटपुटत होते. मी तिथं उभी होते. जीव वाचतोय का जातोय ही घटका, आणि त्या घटकेलाही माझ्या मनात काय आलं असेल तर हे, की माझ्यासाठी असं पाप कुणी अंगावर घेतलं नसतं. आमचे हे भले आहेत, पण ते म्हणाले असते, "डॉक्टरलाच बोलवूया की."

थोड्या वेळानं घाम थांबला. बाईंनी पदर सारखा केला, निऱ्यांवरनं हात फिरवला, आणि मान वर करून मला नीट बघितलं.

"शिंदे, कधी आलीस? अगं, किती जाड झालीस!"

सन्मती हुंदका देऊन रडला. मला हसू पण आलं आणि राग पण आला. एवढं करून पहिलं वाक्य हे!

मग आम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं, सगळं पहिल्यापासून तपासलं. शुगरच्या गोळ्या बदलून सौम्य दिल्या, उपास बंद केला. थायरॉईडची गोळी कधीचीच वाढवायला झाली होती. चष्म्याचा नंबर बदललेला. आणि डाव्या कानात मळ! नुसता मळ! त्या बाजूनं बोललं की उत्तर देत नाहीत म्हणून आजार किती वाढला ह्याच्या चर्चा करत होते सगळे. डॉक्टर सन्मतीला म्हणाले, "विसरणं आहे, आणि ते हळूहळू वाढणार आहे, त्यात मी खोटं सांगणार नाही. पण त्या आजारानं बाकीच्या आजारांना सुट्टी दिलेली नाही. एकदम काही बिघडलं की आधी ते बघा."

पुण्याची बॅग रिकामी झाली. सन्मतीनं महिन्यातनं दोनदा यायचं ठरवलं, दिवसा एक मदतनीस बाई ठेवली. बाईंचं भांडणं थांबलं. त्या घरातच राहिल्या, आप्पांच्या समोर.

आणि कोल्हापुरात बातमी काय पसरली? आप्पांनी बायकोसाठी व्रत मोडलं! ज्या त्या तोंडी आप्पा. बँकेतली विद्यार्थिनी मला रस्त्यात थांबवून सांगते, "बाई, ऐकलंत का, आप्पांनी काय केलं?" मी म्हटलं, "व्हय, ऐकलं." यंत्र कुणाच्या पर्समधनं निघालं, हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. टाळ्या दुसऱ्याला पडताना बघायची मला सवय आहे.

यंदा पर्युषणात मी मुद्दाम गेले, साडेपाचच्या सुमाराला. दार उघडंच होतं. बाई जेवायला बसल्या होत्या. मुगाची खिचडी, तूप, दुधी भोपळ्याची भाजी. आता त्यांना थोडं थोडं करून दिवसातनं चारदा जेवायला लागतं. समोर आप्पा बसलेले, त्यांच्यापुढं पान नाही. मदतनीस बाईनं मला दारातच हळू आवाजात सांगितलं, "आजोबांचं एकाशन हाय. ह्या वर्सी त्यांनी धरलंय."

मी चप्पल न काढता उंबऱ्यातच थांबले. त्यांनी मला बघितलं नाही.

बाईंनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. "तुमचं पान?"

"माझं झालं."

"कधी?"

"मघाशी."

बाई त्यांच्याकडं चष्म्यावरनं बघत राहिल्या. आप्पांना खोटं बोलायची सवय नाही. ते म्हणाले, "व्रत आहे गं."

"कुणाचं?"

"तुझंच. तुझ्या बदली म्हणून."

"दुसऱ्याच्या बदली व्रत होत नसतं."

"माहीत आहे. तरी घरातली रीत चालू राहावी म्हणून."

बाईंनी विचार केला. कपाळावर तीच बारीक आठी. "माझं व्रत आहे, तर मी जेवते कशी?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. तू जेवायचंस."

मला वाटलं, आता ताट सरकवणार. आप्पांनाही वाटलं असावं. त्यांचा हात पुढं आला होता. पण बाईंनी त्यांना वरनं खालपर्यंत बघितलं, जसं नव्यानं दाखल झालेल्या मुलीला बघायच्या तसं.

"मग नीट करा. सूर्य गेल्यावर पाणी सुद्धा नाही, सांगून ठेवते," म्हणाल्या, आणि परत घास उचलला. "आणि तूप वाढा अजून. हात आखडू नका."

उपाशी आप्पांनी तुपाची वाटी उचलली आणि त्यांच्या खिचडीवर धार धरली. त्या "पुरे" म्हणेनात आणि ते थांबेनात.